भोरड्यांचा मुक्काम

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बुलढाण्याला करायचं ठरलं, तेव्हा बाबा सोबत येणार नाहीत अशी माझी खात्रीच होती. आमचं गाव जानेफळच्या पुढे. लेकीकडे ते कधी एका रात्रीहून जास्त राहिले नव्हते, आणि त्या एका रात्रीतही पहाटे उठून परतीच्या एसटीची चौकशी करायचे. त्या वर्षी मात्र ते आईच्या आधी बसमधून उतरले. हातात कपड्यांची मोठी पिशवी होती.

"किती दिवसांसाठी आलात, बाबा?" मी विचारलं.

"तुही माय म्हनन तवालोक," ते म्हणाले आणि रिक्षा बघायला लागले.

खरं कारण आईने मला आधीच फोनवर सांगितलं होतं. बीटी कपाशी गावात येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी झाडं बोंडांनी वाकली, म्हणून माझ्या भावाने नाल्याकाठचं ज्वारीचं वावरसुद्धा कपाशीखाली घेतलं. पुढे एका वर्षी पाऊस दडून बसला, एका वर्षी लाल्या पडून पानं लालभडक झाली. तरी कपाशी सोडायला कुणी तयार नव्हतं. भावाचं कसंबसं चाललं होतं. पण त्या दिवाळीनंतर आमच्या गल्लीतल्या एका तरुण शेतकऱ्याने जीव दिला. बाबा रोज सकाळी त्याच्या वडिलांपाशी जाऊन बसायचे. दुपारी घरी यायचे आणि जेवण ताटात तसंच ठेवायचे.

"ऑपरेशन माहं हाय," आई म्हणाली होती, "पन दवा त्यायले लागते, बाई. त्यायले जराक इथून हलवा लागते."

आमची मुलगी तेव्हा अकोल्याला हॉस्टेलवर होती. तिची खोली रिकामी होती, ती मी दोघांना दिली. नवऱ्याची नोकरी चिखलीला, मी इथल्या कोर्टात लघुलेखक. दिवसभर घरात दोघंच. आईचं ऑपरेशन चांगलं झालं. काळा चष्मा लावून ती खाटेवर बसायची आणि बाबा घरभर फिरायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या घरातली सगळी करकरणारी दारं दुरुस्त केली. दुसऱ्या आठवड्यात न करकरणारीही उघडून पाहिली. तूर निवडली, ती परत निवडली. शेवटी आई वैतागली.

"यायले कुठंतरी पाठव वं," ती मला म्हणाली. "माह्या डोयावर पट्टी हाय तरी मले हे दिसूनच राह्यले."

मी त्यांना तलावाजवळच्या बागेत नेलं. सकाळ-संध्याकाळ तिथे बरीच माणसं फिरायला यायची. बाबा फाटकाशी उभे राहिले. पांढरे बूट घालून झपझप गोल फिरणाऱ्या लोकांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे कुठं चालले?"

"कुठंच नाही. व्यायाम करतात."

"मंग येवढी घाई काऊन करतेत?"

तरी दुसऱ्या दिवसापासून ते जायला लागले, कारण तिथे त्यांना एक दोस्त मिळाला. हा माणूस पिंजाऱ्याच्या घरचा. आयुष्यभर कापूस पिंजून गाद्या-रजया भरलेल्या. आता त्यांची मुलं फोमच्या गाद्यांचं दुकान चालवत होती आणि दुकानात म्हाताऱ्याला काही काम उरलं नव्हतं. बाबा त्यांना भाई म्हणायचे, ते बाबांना पाटील. एकाने कापूस पिकवलेला, दुसऱ्याने पिंजलेला, त्यामुळे बोलायला विषय कधी कमी पडला नाही. बाबा म्हणायचे, आताच्या कापसात दम नाही. भाई म्हणायचे, "कापसात दम हाय, पाटील. माह्या पोरायच्या गिऱ्हाइकात नाही. त्यायले झोपाले रबर पाहिजे." मग दोघं हसायचे. बाबांना हसताना मी फार दिवसांनी पाहत होते.

फेब्रुवारी संपत आला होता. घाटात पळस पेटल्यासारखे फुलले होते. एका संध्याकाळी मी कोर्टातून येऊन चहा टाकला, तेवढ्यात बाबा धापा टाकत आत आले. मला वाटलं कुणाला काही झालं.

"भोरड्या आल्या," ते म्हणाले.

"कुठे?"

"बागेत. लयच हायेत. चाल, पाहून घे."

मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले. बागेच्या मागच्या बाजूला तलावाकडे बांबूचं मोठं बेट आणि पाच-सहा जुनी डेरेदार झाडं होती. सूर्य टेकला होता. पश्चिमेकडून एक काळी चादर हवेत झटकत यावी तसा थवा आला, तलावावर वळला, आकसला, परत पसरला. मागून दुसरा आला आणि त्यात मिसळला. पंखांचा आवाज थेट डोक्यावरून गेला. मग सगळा थवा एकदम बांबूत ओतला गेला आणि असा कलकलाट सुरू झाला की शेजारी उभे असलेले भाई काय बोलताहेत तेही कळेना. खालच्या फांदीवर बसलेली एक भोरडी मला स्पष्ट दिसली. डोकं आणि पंख काळे कुळकुळीत, अंग फिकट गुलाबी. चोचीखाली पळसाच्या फुलातला पिवळा पराग लागलेला.

मला त्या सुंदर वाटल्या, आणि त्याचंच मला नवल वाटलं. कारण लहानपणी भोरड्या म्हणजे आमच्या घरचे वैरी. ज्वारीच्या कणसात दूध भरलं की त्या यायच्या. वावरात चार खांबांवर माळा बांधलेला असायचा. त्यावर बाबा गोफण घेऊन उभे राहायचे आणि मी खाली पत्र्याचा डबा बडवत धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पळायची. बाबांची गोफण गावात नावाजलेली. गोफणीचा फटका असा निघायचा की पलीकडच्या शिवारातली गाय मान वर करायची. भोरड्या उठायच्या, शेजारच्या वावरात बसायच्या, तिथून हाकलल्या की परत आमच्याकडे. सकाळपासून दिवस बुडेपर्यंत हेच. बाबा त्यांना अशा शिव्या द्यायचे की आई म्हणायची, पोरीसमोर तरी तोंड आवरा.

त्याच भोरड्यांकडे बाबा आता कमरेवर हात ठेवून पाहत होते.

"चोट्ट्या," ते म्हणाले. पण त्या शब्दात राग नव्हता. "आमच्याकडं दोन सालापासून एक नाही आली. मी म्हनलं मेल्या का काय. इथं येऊन बसल्या!"

पुढचे आठ-दहा दिवस बाबा रोज संध्याकाळी मला ओढून न्यायचे. बाकीच्या लोकांना मात्र भोरड्यांचा त्रास व्हायला लागला होता. चालायच्या वाटेवर आणि बाकांवर विष्ठेचा थर जमायचा. त्या बाजूला उग्र वास सुटला. एका बाईंची नवी साडी खराब झाली. बागेची देखभाल करणारं एक मंडळ होतं आणि एक निवृत्त वकील त्याचे प्रमुख होते. उंच, शिस्तीचे, आवाज कोर्टात कमावलेला. त्यांनी दोन संध्याकाळी फटाके लावायला सांगितले. भोरड्या उठल्या, तलावावर एक चक्कर मारली आणि परत येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी तर फटाका फुटला तरी निम्म्या जागच्या हलल्या नाहीत. मग मंडळात असं बोलणं सुरू झालं की बांबू काढून टाकावा आणि झाडं बुंध्यापर्यंत छाटावीत.

छाटणीआधी एकदा प्रयत्न करून पाहू, असं कुणीतरी सुचवलं. भाईंनी बाबांच्या गोफणीच्या गोष्टी बागभर सांगून ठेवल्याच होत्या. एका रविवारी सकाळी वकीलसाहेब आमच्या घरी आले. चहा घेतला, आईच्या डोळ्याची चौकशी केली आणि मग बाबांकडे वळले.

"आजोबा, तुम्ही गोफण चालवता असं कळलं."

"चालवत होतो," बाबा म्हणाले.

"आमच्या बागेसाठी चालवाल का? तुमच्यासारखा जाणकार इथे दुसरा नाही."

बाबा ताठ बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. दोन-तीन वर्षांत कुणी त्यांना कामासाठी बोलावलं नव्हतं. वावरातलं सगळं भाऊ पाहायचा, आणि त्याला हवी असलेली माहिती कृषी केंद्रावर मिळायची.

"हाव," बाबा म्हणाले. "येतो की."

वकीलसाहेब गेल्यावर आई म्हणाली, "गोफण हाय कुठं तुमच्यापाशी?"

नव्हतीच. बाबा दोरीच्या शोधात बाजारात निघाले. आईने त्यांना थांबवलं आणि मला सुती सूत आणायला सांगितलं. तेव्हा मला आठवलं की बाबांच्या सगळ्या गोफणी आईनेच विणलेल्या असत. तिला डोळ्यावर ताण द्यायची मनाई होती. मी तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "याले डोया कायले लागते?" आणि काळा चष्मा लावून, मान भिंतीकडे करून, नुसत्या बोटांनी तिने वीण घातली. बाबा समोर बसून सुताचे पदर पुरवत होते. मधेच ती म्हणायची, "ढिला झाला," आणि बाबा मुकाट्याने पदर ताणायचे. दोन दुपारींत गोफण तयार झाली. आईने ती हातात तोलून पाहिली आणि म्हणाली, "आता जा. अन् कोनाचं टाळकं फोडू नका."

दगड लावायचा नाही, असं बाबांनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी तलावाकाठच्या मातीचे गोळे करून वाळवले. हवेत फेकले की फुटावेत, पाखराला लागू नयेत असे. त्या संध्याकाळी बागेत बरीच गर्दी जमली. वकीलसाहेबांनी सगळ्यांना मागे सरकवलं. बाबांनी धोतराचा काचा घट्ट केला आणि मोकळ्या जागेत उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. मला वाटलं, खांदा निखळेल.

थवा खाली यायला लागला तशी त्यांनी गोफण गरगर फिरवली आणि एक पदर सोडला. सट्ट! तो फटका बागेच्या पलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला. मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. थवा मधोमध फाटला आणि तलावावर गेला. पुन्हा आला, पुन्हा फटका. बाबांचा चेहरा उजळला होता. ते भोरड्यांना जुन्या शिव्या देत होते आणि भाई बाजूला उभे राहून पोट धरून हसत होते. अंधार पडेपर्यंत हे चाललं. अंधार पडल्यावर भोरड्या आल्या आणि बांबूत बसल्या.

"उद्या परत," वकीलसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी गर्दी कमी होती. बाबा मोकळ्या जागेत उभे राहिले. थवा आला. बाबांनी गोफण उचललीच नाही. मान वर करून ते पाहत राहिले. भोरड्या उतरल्या, बसल्या, कलकलाट सुरू झाला.

"काय झालं, आजोबा? हात दुखतो का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"हात नाही दुखत," बाबा म्हणाले. "ह्या निघाल्या, साहेब."

"निघाल्या? या तर आताच आल्या!"

"कालच्यापरीस आज थवा लहान हाय. होळी झाली की ह्या जातेत. गावाकडं दरसालचं हाय ते. चार-आठ दिवसाचे पाव्हने. त्याच्यापाई झाडं कायले तोडता?"

वकीलसाहेबांचा आवाज चढला. वाट घाण होते, लोक घसरून पडतील, जबाबदारी कोणाची, असं त्यांनी एकामागून एक विचारलं. बाबांना असल्या प्रश्नांची सवय नव्हती. ते गोफण गुंडाळायला लागले. मग म्हणाले, "वाट मी झाडतो. रोज सकायी. मी अन् भाई."

"मले काऊन गोवतं बे?" भाई ओरडले.

सगळे हसले. वकीलसाहेबांनाही हसू आवरलं नाही. होळी होऊन आठवडाभर थांबायचं, असं ठरलं.

घरी परतताना मी बाबांना विचारलं, "तुम्ही तर भोरड्यांचे दुश्मन. आज काय झालं?"

"वावरात त्या माह्या लेकराच्या तोंडचं खात होत्या," ते म्हणाले. "इथं त्यायनं कोनाचं काय खाल्लं? पळसाचं फूल कोनं पेरलं? अन् गावात आता कपाशीच हाय, तिले त्या तोंड लावत नाहीत. मंग मी कोनाची राखन करू?" जरा पुढे गेल्यावर म्हणाले, "दोन सालापासून वावरात उभा राह्यलो न, त वरतं पाह्याची गरजच नाही. खाली पाहा, बोंडात अळी पाहा. सारे लोक खालीच पाहून राह्यले."

त्या रात्री त्यांनी ताट स्वच्छ केलं आणि आणखी अर्धी भाकर मागितली.

सकाळी दोघं म्हातारे खराटे घेऊन बागेत हजर झाले. भाई येतील असं मला वाटलं नव्हतं. ते आले, आणि दुकानातून एक मोठा बॅनर घेऊन आले, जुना फोमच्या गाद्यांच्या जाहिरातीचा. तो त्यांनी बाकांवर अंथरला. रात्री घाण त्यावर पडायची आणि सकाळी तो झटकला की बाक स्वच्छ. पहिले दोन दिवस फिरायला येणारे बाजूने वळून जात. मग साडी खराब झालेल्या त्या बाई पाण्याची बादली घेऊन आल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं-तिघं. होळीच्या आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी स्वतः नळाला पाइप जोडला आणि पायजम्याची टोकं वर दुमडून वाट धुतली. पाइप बाबांच्या हातात द्यायला ते तयार नव्हते.

याच दिवसांत मी कोर्टाजवळच्या वाचनालयात जाऊन पक्ष्यांवरचं एक पुस्तक चाळलं. भोरड्या इथून वायव्येला जातात, डोंगर ओलांडून मध्य आशियातल्या गवताळ मुलखात. तिथे त्या घरटी करतात आणि पिल्लांना टोळ भरवतात. मी हे संध्याकाळी बागेत सांगितलं.

"टोळ?" बाबा चकित झाले. "पीक खातेत ते टोळ?"

"तेच. तिकडचे शेतकरी म्हणे यांची वाट पाहतात."

"म्हंजे तिकडं ह्या राखनदार हायेत," बाबा म्हणाले. "अन् पगार घ्याले आमच्याकडं येतेत." भाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्या दिवशी दिवसभर जो भेटेल त्याला ऐकवलं.

धुळवडीनंतर थवे रोज कमी होत गेले. एका पहाटे बाबा, भाई आणि मी लवकर बागेत पोचलो. उजाडताना भोरड्या बांबूतून उठल्या, पण नेहमीसारख्या घाटाकडे पळसावर गेल्या नाहीत. वर गेल्या, गोळा झाल्या, पठाराच्या कडेवरून पलीकडे निघाल्या.

"किबल्याकडं गेल्या," भाई हळू म्हणाले. बाबांनी प्रश्नार्थक पाहिलं, तेव्हा त्यांनी समजावलं, "आमी नमाजले तोंड करतो न, तिकडं."

त्या संध्याकाळी बांबूत दहा-बारा साळुंक्या तेवढ्या होत्या. बाग एकदम मोठी वाटली. झाडं छाटण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

पाडव्याला भाऊ आई-बाबांना न्यायला आला. माझ्या स्वयंपाकघरात जेवताना बाबांनी विषय काढला. नाल्याकाठच्या वावरात येत्या पेरणीला ज्वारी टाकायची. भावाने मान हलवली. तोही थकलेला होता, दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते.

"जवारीले कोन राखन करते, बाबा? मजूर भेटत नाही."

"मी हावो न."

"या वयात?"

आई पुरणपोळी वाढत होती. डोळा आता बरा झाला होता आणि चष्मा निघाला होता. ती म्हणाली, "म्हशीले कडबा नाही. तू कुटार इकत आनतं. जवारी टाकली त कडबा तरी घरचा होईन." भाऊ म्हणाला, सगळं नाही, अर्धं वावर. बाबांनी लगेच होकार दिला. मला वाटतं, त्यांना त्याहूनही कमी मिळेल अशी तयारी त्यांनी ठेवली होती.

जाताना भाई बसस्टँडवर आले होते. त्यांनी बाबांसाठी खऱ्या कापसाची एक रजई भरून आणली होती, मुलांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जुनी धनुकली काढून स्वतः पिंजलेली. बाबांनी तिचा एक कोपरा बोटांत चोळून पाहिला.

"कोनता कापूस हाय?"

"बीटीच हाय, पाटील. दुसरा भेटतच नाही. पन झोप लागन."

पुढच्या वर्षी भोरड्या बागेत आल्या नाहीत. त्या कोर्टाच्या आवारातल्या वडावर उतरल्या, कारण वडाला फळं आली होती. तेही भर दुपारी. आमचे न्यायाधीश कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. ते आदेश सांगत होते आणि मी टिपून घेत होते. बाहेर कलकलाट इतका वाढला की मला त्यांचं वाक्य ऐकू येईना. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेही हरवलं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाहेर काय मोर्चा आलाय का?"

"नाही साहेब, भोरड्या आहेत," मी म्हणाले. "होळीनंतर जातील."

ते उठून खिडकीशी गेले. आम्ही सगळेच गेलो. दोन्ही बाजूंचे वकील, शिपाई, साक्ष द्यायला आलेली एक म्हातारी. वडाची पानं दिसत नव्हती, नुसतं गुलाबी-काळं हलत होतं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग शिपायाला म्हणाले, "चहा सांगा. सगळ्यांना सांगा."